घंटीचं बटण

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ते गृहस्थ आमच्या कुडण्याच्या घरी आले. जुन्या गाड्यांमधले जाणकार. मामेभावाने त्यांना मुद्दाम पणजीहून आणलं होतं, पपांच्या गाडीचं काम नीट चाललंय की नाही ते पाहायला. आल्या आल्या त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मांगरातल्या, म्हणजे शेडमधल्या, मातीवर बेलाशक गुडघे टेकून खालचा पत्रा पाहिला, बोनेटच्या कडेवरून उलटा हात फिरवला. डॉक्टर ताप बघताना फिरवतात तसा. पत्र्याचं काम चांगलं झालंय म्हणाले. मला फार बरं वाटलं, कारण वर्षभर जे चाललं होतं ते बरोबर की चूक हे सांगणारं जवळ कुणीच नव्हतं. मग दार उघडून ते स्टिअरिंगमागे बसले आणि त्यांचं बोट डॅशबोर्डवरच्या एका बटणावर थांबलं. घराच्या दाराला असतं तसलं घंटीचं बटण. काळ्या बॅकेलाइटची वाटोळी तबकडी आणि मधोमध पांढरा, टिकलीएवढा ठिपका. "हे पहिलं काढा," ते म्हणाले, "बाकी सगळी गाडी ओरिजिनल होतेय, एवढंच डोळ्याला खुपतं." मी लगेच म्हटलं, "हो, काढायचंच आहे."

चहा झाला, ते गेले. संध्याकाळी न्हाणीपाशी कप विसळताना माझाच तो "हो" आठवला आणि हात थांबले. काढायचंच आहे असं मी कधी ठरवलं होतं? बटण काढायचा विचार त्या क्षणापर्यंत माझ्या मनात आलाच नव्हता. ते बटण इतकी वर्षं तिथे आहे की ते बटण आहे हेच मी विसरले होते.

मी आठवीत असताना स्टिअरिंगवरचं भोंग्याचं कडं मोडलं. नवं मागवायचं तर मुंबईहून, म्हणजे महिना तरी जाणार. पपा संध्याकाळी डिचोलीच्या बाजारातून हे बटण घेऊन आले आणि जेवणाआधी बसवूनही टाकलं. त्या रात्री मी आणि धाकट्या भावाने ते इतक्या वेळा दाबलं की शेजारच्या काकी कोण आलं ते बघायला पदर सावरत अंगणात आल्या. महिनाभराने मुंबईचं कडं आलंही असतं, पण पपांनी मागवलंच नाही. चालतंय ना, मग झालं, असा त्यांचा हिशेब.

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी, दुधी रंगाची. पपांनी ती १९८५ साली म्हापशाच्या एका डॉक्टरांकडून घेतली. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं आणि आमच्या घरात तेवढे पैसेही नव्हते. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा, पुढे अखंड बाकासारखी सीट. त्या सीटवर पपा, आई आणि मधे आम्ही दोघं भावंडं. गिअर टाकताना पपांचं कोपर माझ्या खांद्याला लागायचं. दुसऱ्या गिअरला हलकं आणि तिसऱ्याला जरा जोरात. अजूनही घाट चढताना डोळे मिटले तर खांद्यावरून मला गिअर कळतो.

पपा खाणीच्या काट्यावर कारकून होते. काटा म्हणजे वेब्रिज. भरलेला ट्रक लोखंडी फळीवर चढायचा, पपा वजन घ्यायचे, कार्बन घातलेल्या वहीत लिहायचे, पावती फाडायचे. पुढे ट्रक आमोण्याच्या धक्क्यावर, तिथून माल बार्जमधून मांडवीने मुरगावला आणि मुरगावहून जहाजाने कुठे कुठे. ते जहाज पपांनी कधी आतून पाहिलं नसेल, पण त्यात किती वजन चढलं याचा एक लहानसा भाग त्यांच्या हस्ताक्षरात होता. घरी येताना त्यांच्या कानांच्या पाळ्यांमागे लाल धूळ असायची. आमच्याकडे सगळ्यावर ती असायची: तुळशीवर, वाळवणावर, देवळीतल्या समईवर, शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर. डिसेंबर ते मेपर्यंत रस्त्याकडेची झाडं हिरवी नसतच. पाऊस पडला की पहिले दोन दिवस ओहोळ लालभडक वाहायचे आणि मग झाडं आपापल्या रंगावर यायची.

आई गाडीला "ती" म्हणायची. "तिका हाडली?" असं विचारायची, घरातलंच कुणी बाहेर गेल्यासारखं. आमच्या घरात बोलणं कोकणीत आणि लिहिणं मराठीत. पत्रं, वाण्याची यादी, डायऱ्या, सगळं मराठीत. गोव्यातल्या पुष्कळ घरांत असंच आहे. यात वावगं काही आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. चवथीच्या आधी गाडीची डिकी गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाने भरायची. नारळांची पेंड, सुपारीचं शिपटं, कवंडळं, घागऱ्या आणि पानात गुंडाळलेली आबोलीची फाती. पेट्रोल, आबोली, ओल्या काथ्याच्या सीटा आणि आईच्या डब्यातले पातोळे; या सगळ्यांचा मिळून एक वास होता. तो वास दुसऱ्या कुठल्याच गाडीला आला नाही.

१९८६च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा गाडी आणून जेमतेम वर्ष झालं होतं. पणजीला जायचं म्हणजे बेतीच्या धक्क्यावर रांग लावायची. कला अकादमीतलं नाटक पाहून परतताना रात्री फेरीबोटीवर गाडी चढवली की पपा इंजिन बंद करायचे, हँडब्रेक ओढायचे आणि वर एक जांभ्या दगडाचा तुकडाही चाकामागे लावायचे. तो दगड डिकीत कायमचा असायचा. बोट निघाली की पपा गाडीतून उतरत नसत. बाकीचे पुरुष कठड्याशी उभे राहून विड्या ओढायचे, हे मात्र काळोखात स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसायचे. नदीवरून गाडी आपणच चालवतोय असं त्यांना वाटत असावं, असं मला तेव्हा वाटायचं. तो दगड आजही डिकीत आहे.

पपा २००९ साली निवृत्त झाले. २०१२ साली खाणी बंद पडल्या. ज्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत गाडी घालायला तासभर लागायचा, तो एकदम मोकळा झाला. झाडं हिरवी राहिली. दारादारांत कर्जाचे ट्रक उभे राहून गंजले, शेजारच्या पोरांनी ते विकले, काही जण गाव सोडून गेले. पपांचं पेन्शन चालू होतं, त्यांना त्याची झळ तशी पोचली नाही. पण गाडी काढणं त्यांनी कमी केलं. गुडघ्याने क्लच दाबवत नाही म्हणायचे. २०१३नंतर ती मांगरातून बाहेर आलीच नाही. कधीमधी दुपारी ते तिच्यात जाऊन बसत आणि वर्तमानपत्र वाचत.

२०१६च्या मे महिन्यात भंगारवाल्याला मीच बोलावलं होतं.

हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. पर्वरीहून शनिवार-रविवार घरी यायचे, तेव्हा मांगरातली ती मरगळलेली गाडी बघून चिडायचे. टायर बसलेले, छपरावर उंदरांच्या लेंड्या. वाटायचं, हे असं ठेवण्यात कसलं प्रेम आहे? चालवणार नसाल तर जाऊ दे. माणूस आला, चौफेर फिरला, बोनेटवर थाप मारून किलोचा भाव सांगितला. नऊशे किलोच्या आसपास भरेल म्हणाला. पपा पडवीत आरामखुर्चीत होते. इतका वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच विचारलं, "काटो खंयचो?" कुठल्या काट्यावर वजन करणार? तो गडबडला, अंदाजाने घेऊ म्हणाला. "अंदाजान वजन जायना," पपा म्हणाले आणि वर्तमानपत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. मला वाटलं, ते भाव वाढवून मागताहेत. त्या माणसाला मी फाटकापर्यंत सोडायला गेले, पुन्हा बोलावते म्हणाले. परत आले तेव्हा वर्तमानपत्र तसंच होतं, पान उलटलेलं नव्हतं. २०२१ साली पपा गेले. त्या दुपारबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही.

काम सुरू केलं ते २०२४च्या जानेवारीत. साखळीचे एक जुने मिस्त्री दर शनिवारी यायला तयार झाले. पद्मिनीवर हात बसलेली माणसं आता थोडीच उरलीत. पहिला प्रश्न इंजिनाचा. ते जाम झालं होतं. मिस्त्रींनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं आणि म्हणाले, आता आठ दिवस हिला कुणी त्रास द्यायचा नाही. आठ दिवसांनी पुलीच्या नटाला पाना लावून रेटलं, हललं नाही. पुन्हा तेल, पुन्हा आठ दिवस. तिसऱ्या शनिवारी मी पाना धरला होता. जोर लावायचा नाही, नुसता भार द्यायचा, असं त्यांनी बजावलं होतं. मी भार देऊन उभी होते आणि पाना माझ्या हाताखाली बोटभर सरकला. आवाज काहीच नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून काळ्या तेलाचा एक बुडबुडा वर आला आणि फुटला. मिस्त्री म्हणाले, "जिती आसा." जिवंत आहे. मी आईला हाका मारत घरात धावले, पन्नाशीला आलेली बाई, हातभर तेल, आणि आई म्हणाली, आधी हात धू.

इंजिन सोपं म्हणावं असा गंज होता. गोव्यात पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास, हवेत मीठ, त्यात अकरा वर्षं मातीवर उभी गाडी. पण नुकसान कुठे जास्त झालं होतं ते बघण्यासारखं होतं. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. चारही दारांची ती भोकं बुजली होती. मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक भोक मोकळं करायला घेतलं, तर आतून विटेसारखी घट्ट झालेली लाल माती निघाली. खाणीची धूळ. वर्षानुवर्षं काचेच्या फटीतून आत जात राहिली, पावसाच्या पाण्याने बसली, थरावर थर चढले आणि पाणी आतच राहू लागलं. त्याच पाण्याने पत्रा खाल्ला होता. तळहातावर घेतलं तर धूळ कुठली आणि गंज कुठला ते बोटाला कळेना. कळणार तरी कसं? खनिज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, गंज म्हणजेही लोखंडाचं ऑक्साइड. पपांनी जन्मभर ट्रकांमधून ज्याचं वजन केलं तेच त्यांच्या गाडीच्या दारांत साठत होतं. एका दारातून निघालेली माती मी वर्तमानपत्रावर ओतली. दोन ओंजळी भरली. टाकायची कुठे ते सुचेना, शेवटी माडाच्या बुंध्याशी टाकली.

मग जमिनीचा पत्रा. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग काढलं, तर खाली पपांनी लावलेलं ठिगळ. तेलाच्या चौकोनी डब्याचा पत्रा चेपून, कडेने रिव्हेट मारून बसवलेला. रिव्हेट सगळे सारख्या अंतरावर. मी गाडीखाली शिरून बॅटरी मारली तर उलट्या अक्षरांत वाचता आलं: निव्वळ वजन १५ किलो. मला हसू आलं आणि लगेच घसा दाटला. पण ते ठिगळ चुकीचं होतं. दोन पत्र्यांच्या मधे पाणी साठून आजूबाजूचा चांगला पत्राही सडला होता. पपा वीतभर भोक बुजवायला गेले आणि हातभर झालं. मिस्त्री कटर हातात घेऊन माझ्याकडे बघत थांबले. "बाय, हें कापूंक जाय," ते हळू म्हणाले. "पपान बरें केल्लें, पूण उदक भितर रावलें." मी मान हलवली. ठिणग्या उडताना मी तिथे उभी राहिले, निघून जावंसं वाटलं तरी. कापलेला तुकडा मांगराच्या भिंतीला टेकवून ठेवला. जपून ठेवायचा असं काहीतरी मनात होतं. पुढच्या शनिवारी आले तर तो तिथे नव्हता. आईने त्याने मागच्या दारची लाकडं झाकली होती. "पाऊस येतलो," ती म्हणाली. मी काही बोलले नाही. पपांनीही तेच केलं असतं.

सुटे भाग मुंबईहून येत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांतून मामेभाऊ आणायचा: ब्रेकचे व्हील सिलिंडर, हेडलाइटच्या कड्या, दारांची रबरं. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा तर बदलावाच लागला, कारण जुनी रबरं आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकत नाहीत. प्रीमियरचा कारखानाही कुर्ल्यालाच होता. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. एकदा एका पार्सलात, न मागवता, दुकानदाराने स्टिअरिंगवरचं भोंग्याचं कडं घालून पाठवलं. चकचकीत क्रोम, कागदात गुंडाळलेलं. जे १९८०च्या दशकात महिनाभर थांबून आलं असतं ते आता फुकट आलं. मी ते देवळीत ठेवून दिलं होतं. ते गृहस्थ येऊन गेले त्यानंतरच्या शनिवारी खाली काढलं आणि मिस्त्रींना म्हटलं, बसवू या. हो म्हटलंच होतं.

बटणाच्या तारा सोडवायला मी डॅशबोर्डखाली उताणी झोपले. मान पेडलांपाशी, पाय दाराबाहेर, तोंडात बॅटरी. इतक्या महिन्यांत तिथवर हात गेला नव्हता. मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवलं होतं की असल्या घरगुती भोंग्याची तार जळकी निघणार, कारण भोंगा वीज खूप ओढतो आणि घंटीच्या बटणाचे पातळ पत्रे तेवढी सोसत नाहीत. तिथे जळकं काहीच नव्हतं. मधे एक रिले होता. बटणाने फक्त रिलेला जाग यायची, भोंग्याचा भार रिले उचलायचा. म्हणजे पपांनी घाईघाईत काहीतरी जोडून टाकलेलं नव्हतं. समजून, विचारून, काट्यावरच्या वायरमनकडून शिकून केलेलं होतं. आणि प्रत्येक तारेला एक कागदाची पट्टी, वरून पारदर्शक टेप. पट्ट्या काट्याच्या पावतीच्या. पाठीमागे कार्बनची निळसर झाक, पुढे पपांचं अक्षर, उभट, शिरोरेषा न तोडता काढलेलं: भोंगा. डावी बत्ती. उजवी बत्ती. वायपर. मी एकेक पट्टी बॅटरीच्या उजेडात वाचत गेले. एक तार कुठेच जोडलेली नव्हती, टोकाला टेप लावून गुंडाळून ठेवलेली. तिच्यावर लिहिलं होतं: नंतर.

आईला जाऊन विचारलं. ती खोबरं किसत होती. मान वर न करता म्हणाली, "टेप घालपाचो आशिल्लो तांकां. हांवेंच नाका म्हळें." गाण्यांचा टेप बसवायचा होता त्यांना, तिनेच नको म्हटलं. तेव्हा माझी कॉलेजची फी भरायची होती म्हणे. किसणी थोडा वेळ थांबली, मग पुन्हा सुरू झाली. मला अभिषेकीबुवांचा आवाज आवडणारे पपा आठवले. गाडी चालवताना ते स्वतःशीच गुणगुणायचे आणि आम्ही मागून ओरडायचो, पपा, पुरे!

मी मिस्त्रींना जाऊन सांगितलं, कडं राहू दे, बटण तसंच ठेवायचं. का ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी नुसती बटणाची तबकडी रॉकेलच्या फडक्याने पुसून दिली.

त्या जाणकारांवर माझा राग नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा हे बटण तिच्यात नव्हतं. १९७८ साली पपाही तिच्यात नव्हते. आईच्या पदराची पिन अडकून फाटलेलं सीटचं कव्हर नव्हतं, दगड नव्हता, दारांतली धूळ नव्हती. ठिगळ कापलं, धूळ काढली, सीटा नव्याने भरल्या. नाही तर गाडी उभी राहिली नसती. पण प्रत्येक वेळी काहीतरी काढताना हात थोडा जड व्हायचा आणि काय ठेवायचं याचा नियम मला अजूनही सापडलेला नाही. डिसेंबरात त्यांचा फोन आला, "बटण काढलंत?" मी म्हटलं, "नाही. ठेवलंय." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरं. वडिलांनी लावलेलं का?" मग त्यांनी त्यांच्या वडिलांच्या मॉरिसबद्दल अर्धा तास सांगितलं.

रंग फेब्रुवारीत दिला. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते म्हणून कोरडे दिवस गाठायचे होते. पासिंग, विमा, पीयूसी होईपर्यंत मे उजाडला. पहिल्या फेरीला आई म्हणाली, देवळाला जाऊ. देवळाला गेलो. परतताना मी गाडी डावीकडे वळवली.

त्या रस्त्यावर काटा आहे. खाणी थोड्याथोड्या पुन्हा सुरू झाल्यात, ट्रक दिसू लागलेत, झाडांवर परत लाली चढतेय. माझ्यापुढे दोन ट्रक होते. तिसरी मी, दुधी रंगाची पद्मिनी घेऊन. पुढचा ट्रक फळीवरून उतरून रेंगाळला होता. मी बटण दाबलं आणि तो चटकन बाजूला झाला. खिडकीतला मुलगा दोडामार्गकडचा असावा. आधी त्याला वाटलं की मी रस्ता चुकले. वजन करायचंय म्हटल्यावर त्याने मागच्या सीटवर बसलेल्या आईकडे पाहिलं, तिच्या मांडीवरचं प्रसादाचं तबक पाहिलं आणि अगदी कामाच्या सुरात विचारलं, "वजन फक्त गाडीचं हवं, की तुमच्यासकट?"

मी आईकडे वळून बघितलं. ती उतरायची काही चिन्हं नव्हती.

"सकट," मी म्हटलं.

१०३० किलो. छापील पावती, वर तारीख आणि वेळ. मी पैसे दिले, पावती दुमडून डॅशबोर्डवर ठेवली. घरी आल्यावर आई कपडे बदलायला आत गेली आणि मी कात्री आणि टेप घेऊन मांगरात आले. भोंग्याच्या तारेवरची पपांची पट्टी तेव्हा तारा सोडवताना माझ्याच बोटांनी फाटली होती. नव्या पावतीची पट्टी कापली, मागच्या कोऱ्या बाजूला 'भोंगा' असं लिहिलं, उताणी झोपले आणि जुन्या पट्टीचा उरलेला तुकडा आत ठेवून वरून ती गुंडाळली. 'नंतर'ची तार शेजारीच होती. तिच्या टोकाचा टेप सुटायला आला होता, तो काढून नवा लावला.